मदत हवी आहे: चढावर ट्रेलर ओढताना ऑटो गिअरबॉक्सचं तेल ११८ अंशांवर जातं

चढउतार

डिझेल पिकअप, ६ स्पीड ऑटोमॅटिक, फोर-बाय-फोर. भरलेली गाडी साधारण २,५०० किलो, मागे दोन आसांचा ट्रेलर ३,००० किलो, म्हणजे एकूण ५,५०० किलो. कंपनीने दिलेल्या मर्यादेत बसतं. ट्रेलरचा हुकवर येणारा भार ३४० किलो.

ओबीडी स्कॅनरवरचे (गाडीच्या कॉम्प्युटरमधून वाचलेले) आकडे, बाहेर ३४ अंश असताना:
सपाटीवर ताशी ८० किमी: गिअरबॉक्स तेल ८८ ते ९२.
६ टक्के चढ, ९ किमी, ताशी ६० किमी: माथ्यावर पोहोचेपर्यंत ११८. इंजिनचं पाणी ९६ च्या वर जात नाही.
ट्रेलर रिव्हर्समध्ये चढावर मागे लावताना, ५ मिनिटांत: ११२.

टो/हॉल (ओझं ओढायचा) मोड चालू असतो. रेडिएटरच्या टाकीतला मूळचा कूलर आहे, शिवाय एसीच्या कंडेन्सरपुढे ट्यूब-फिन प्रकारचा छोटा जादा कूलर. तेल ६५,००० किमीपासून तेच. आणखी एक बारीकशी गोष्ट, संबंध असेल-नसेल: ट्रेलर जोडलेला असताना सपाटीवरही क्रूझ कंट्रोल अधूनमधून आपोआप सुटतो.

प्रश्न असे: ११८ कितपत धोक्याचं? मोठा कूलर लावावा का, आणि लावला तर रेडिएटरच्या आधी की नंतर? खोल ऑइल पॅनचा काही उपयोग?

तेलपाणी

आधी आकडा कुठला आहे ते बघा. बहुतेक गिअरबॉक्समध्ये सेन्सर पॅनमध्ये किंवा व्हॉल्व्ह बॉडीवर (गिअर बदलायला तेल वळवणारा भाग) असतो. तिथलं तेल बऱ्यापैकी मिसळलेलं, थोडं निवलेलं असतं. टॉर्क कन्व्हर्टरमधून (इंजिनची ताकद तेलामार्फत गिअरबॉक्सला देणारा भाग) नुकतंच बाहेर पडलेलं तेल त्याहून २० ते ३० अंश गरम असू शकतं. पॅनला ११८ म्हणजे कन्व्हर्टरच्या तोंडाशी १४० च्या आसपास धरा.

८० ते ९५ ही रोजच्या कामाची पातळी. १०५ पर्यंत चढावर जाणं ठीक. ११५ च्या पुढे तेलाचं वार्निश (चिकट थर) व्हायला लागतं आणि व्हॉल्व्ह बॉडीतल्या बारीक वाटा चिकटू लागतात. १२७-१३० ला रबरी सील कडक होतात. १४५ च्या पुढे क्लच प्लेट घसरू लागतात, आणि तिथून पुढचं वेगळं सांगायला नको. ढोबळ हिशोब असा की ८० च्या वर दर ११ अंशांना साध्या तेलाचं आयुष्य निम्मं होतं. सिंथेटिक जरा जास्त सोसतं, पण सील आणि प्लेट त्याच असतात हे लोक विसरतात.

९ मिनिटांच्या चढाने गिअरबॉक्स मरणार नाही. रोज तोच चढ असेल तर मात्र तेल वर्षभरात काळं होईल.

आता दोन आकडे द्या: चढावर स्थिर वेगात असताना इंजिनचा आरपीएम आणि टर्बाइन म्हणजे इनपुट शाफ्टचा आरपीएम. गिअर कुठला तेही.

चढउतार

तिसरा गिअर. इंजिन २,७००, टर्बाइन २,३००. मधूनच दोन्ही सारखे होतात, ५-१० सेकंदांनी पुन्हा फरक पडतो.

लॉकअपवाला

मग कूलरच्या दुकानाकडे जाण्याआधी थांबा. ४०० ची स्लिप (दोन आरपीएममधला फरक) म्हणजे लॉकअप, कन्व्हर्टरच्या दोन्ही बाजू थेट जोडणारा क्लच, उघडा आहे. उष्णता तिथे तयार होते आहे.

हिशोब करून बघू. ५,५०० किलो, ६ टक्के चढ, ताशी ६० किमी: नुसतं वजन वर चढवायला ५४ किलोवॉट. टायरचं घर्षण १० ते ११, हवेचा विरोध अंदाजे १० धरा, चाकांशी ७५ झाले. डिफरन्शियल, शाफ्ट आणि गिअर मिळून दहा टक्के खातात, म्हणजे कन्व्हर्टरमधून ८३ बाहेर पडायला हवेत. तुमचं २,३०० भागिले २,७०० येतं ०.८५. त्या वेगाला कन्व्हर्टर टॉर्क वाढवून देत नाही, त्यामुळे कार्यक्षमताही तेवढीच. इंजिन ९८ किलोवॉट देतं आणि त्यातले १५ थेट तेलात जातात.

१५ किलोवॉट म्हणजे किती? गिअरबॉक्समध्ये १२ लिटर तेल धरलं तर कूलर नसताना ते मिनिटाला ४०-४५ अंशांनी तापेल. धातू थोडी उष्णता पितं ती सोडून. म्हणजे तुमचे कूलर बिचारे काम करतच आहेत. लॉकअप लागला की हे १५ जवळपास शून्यावर येतात.

खोल पॅनचं उत्तरही यातच आलं. ३ लिटर जास्त तेलाने तापायला काही सेकंद जास्त लागतील, एवढंच. चढ मिनिटांचा आहे.

लॉकअप का सुटतो? इंजिन थंड असेल तर तो लागतच नाही, पण तुमचं ९६ आहे. पेडल तळाला टेकलं तर कंट्रोलर टॉर्क वाढवायला कन्व्हर्टर उघडतो. पण तुमच्याकडे तो लागतो-सुटतो, आणि क्रूझही सुटतो. दोन्हींना जोडणारी एकच तार आहे: ब्रेकचा सिग्नल. ब्रेक दाबला असं वाटलं की कंट्रोलर क्रूझ रद्द करतो आणि लॉकअपही सोडतो. स्कॅनरवर ब्रेक स्विचची स्थिती उघडा आणि पेडलला पाय न लावता खडबडीत रस्त्यावर बघा. ट्रेलर जोडून आणि काढून, दोन्ही वेळा.

गरम फिन

लॉकअपवाल्यांशी सहमत, पण कूलर एवढ्यात निकालात काढू नका. रिव्हर्समध्ये चढताना लॉकअप नसतोच, तिथे ११२ येतंय.

क्रम: रेडिएटर आधी, जादा कूलर नंतर, मग परत गिअरबॉक्स. रेडिएटरमधला कूलर तेलाला पाण्याच्या खाली नेऊ शकत नाही. त्याच्या भोवतीचं पाणी ९६ असेल तर तेल ९६ च्या वरच राहणार. त्याखाली न्यायचं काम हवेच्या कूलरचं. उलटं जोडलं तर हवेने थंड केलेलं तेल रेडिएटरमध्ये जाऊन पुन्हा तापेल. कडाक्याच्या थंडीत चालवणारे मुद्दाम तसं करतात, तेल लवकर ऊबदार व्हावं म्हणून. ३४ अंशांत त्याचं कारण नाही.

प्रकार: स्टॅक्ड-प्लेट घ्या, ट्यूब-फिन काढून टाका. त्याच आकारात तो जास्त उष्णता फेकतो आणि तेलाला अडथळा कमी. कंडेन्सरपासून १ ते २ सेंटीमीटर अंतर ठेवून स्वतंत्र पट्टीवर बसवा. फिनमधून आरपार जाणाऱ्या प्लॅस्टिकच्या दांड्या नकोत, त्या घासून घासून कंडेन्सरला भोक पाडतात. तोंडं वर किंवा बाजूला, खाली नको, नाहीतर हवा अडकते. होज गिअरबॉक्स तेलाचाच, डिझेलचा पाइप चालत नाही.

आणि तेल कूलरपर्यंत पोहोचतं का तेही तपासा. पुष्कळ गिअरबॉक्समध्ये थर्मल बायपास व्हॉल्व्ह असतो. थंड तेल तो कूलरला न पाठवता परत फिरवतो, तापलं की वाट उघडतो. तो अडकला तर पॅन ११० आणि कूलरची नळी कोमट, असं दिसतं. माथ्यावर थांबून तीन ठिकाणी मोजा: रेडिएटरला जाणारी नळी, रेडिएटरनंतर, जादा कूलरनंतर.

चढउतार

ब्रेक स्विच: ट्रेलर काढला की स्थिर. जोडला की खड्ड्यावर क्षणभर 'चालू' दिसतो.

माथ्यावर थांबल्यावर न्यूट्रलमध्ये इन्फ्रारेड थर्मामीटरने: जाणारी नळी ११६, रेडिएटरनंतर १०१, जादा कूलरनंतर ९७. म्हणजे जादा कूलर फक्त ४ अंश करतोय?

तेलपाणी

त्या ४ वर विश्वास ठेवू नका. उभ्या गाडीत समोरून वारा नाही, फॅन जेवढी ओढेल तेवढीच हवा. शिवाय चकचकीत अॅल्युमिनियमच्या नळीवर इन्फ्रारेड मीटर खरं तापमान दाखवत नाही, कमी दाखवतो. काळी इन्सुलेशन टेप दोन वेढे गुंडाळा आणि टेपवर मोजा. पण रेडिएटरनंतर तापमान ठळकपणे उतरलंय, म्हणजे तेल वाहतंय, बायपास उघडा आहे. हे महत्त्वाचं.

किती वाहतंय ते हवं असेल तर परतीची नळी काढून बादलीत सोडा आणि न्यूट्रलमध्ये आयडलवर २० सेकंद चालू ठेवा. १ लिटरच्या जवळपास यायला हवं. २० सेकंदांनंतर लगेच बंद, गिअरबॉक्सचा पंप कोरडा पडता कामा नये. जेवढं काढलं तेवढं परत भरा. हे तेल निवल्यावर करा, हात भाजतात.

फिन धुतले का? कूलर आणि कंडेन्सरच्या मधल्या फटीत किडे आणि धूळ बसते, बाहेरून दिसत नाही. इंजिनच्या बाजूने बाहेर, हलक्या धारेने. प्रेशर वॉशरने फिन लोळतात.

लॉकअपवाला

ट्रेलर जोडल्यावरच होतंय म्हणजे पेडलच्या स्विचपेक्षा वायरिंग आधी बघा. ट्रेलरच्या सॉकेटमध्ये पाणी, हिरवी पडलेली पिन, ब्रेक लाइटच्या तारेला लागून सोललेली टेल लाइटची तार, किंवा ब्रेक कंट्रोलरची तार चुकीच्या जागी टोचलेली. काही गाड्यांत ब्रेक लाइटच्या तारेवर मागून आलेला करंट कंट्रोलरला ब्रेकच वाटतो. मागे माणूस उभा करून दिवे लावा आणि वायरिंगचा जुडगा हलवत जा. ब्रेक लाइट क्षणभर उजळला की जागा सापडली.

चढउतार

सॉकेटच्या मागे टेल लाइट आणि ब्रेक लाइटची तार सोललेली, एकमेकींना लागत होती. दुरुस्त केली. त्याच चढावर, त्याच वजनाने: स्लिप १० ते १५ आरपीएम, माथ्यावर १०२. क्रूझ सुटत नाही. मागे लावताना मात्र अजून ११०.

गरम फिन

मागे लावताना गाडी ताशी ३-४ किमी, इंजिन १,८००, टर्बाइन जवळजवळ थांबलेली. स्टॉलच्या, म्हणजे टर्बाइन थांबण्याच्या, जवळ इंजिनची जवळपास सगळी ताकद तेलात जाते, आणि वाराही नाही. इथे कूलरपेक्षा ट्रान्सफर केसचा (फोर-बाय-फोरच्या जादा गिअरपेटीचा) लो रेंज कामाचा. लोमध्ये तोच वेग कमी टॉर्कमध्ये मिळतो, टर्बाइन फिरायला लागते, स्लिप कमी होते. सेंटर डिफरन्शियल नसलेल्या गाडीत कोरड्या पक्क्या रस्त्यावर चाकं वळवून लो वापरू नका, गिअर आवळतात. माती-खडीवर किंवा सरळ रेषेत बिनधास्त. ११५ दिसलं की थांबा, न्यूट्रल, हँडब्रेक, चाकांना अडसर, १,२०० आरपीएम, दोन-तीन मिनिटं. पार्कमध्ये नको, काही जुन्या गिअरबॉक्समध्ये पार्कला कन्व्हर्टरकडे तेलच जात नाही. ब्रेक दाबून ड्राइव्हमध्ये उभं राहणं सगळ्यांत वाईट.

तेलपाणी

तेल बदला, ११८ बरेचदा खाऊन झालंय त्याने. पॅन उघडून १२ पैकी ४-५ लिटरच निघतं, बाकी कन्व्हर्टर आणि कूलरमध्ये राहतं. म्हणून काही शेकडो किमीच्या अंतराने तीन वेळा बदला, फिल्टर पहिल्याच वेळी. निघालेलं मोजा, तेवढंच भरा. गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच. 'सगळ्याला चालतं' असं लिहिलेलं घेतलं तर लॉकअपला थरथर सुटते.

पातळी पुस्तकात दिलेल्या तेलाच्या तापमानाला, इंजिन चालू ठेवून बघायची. गरम तेल फुगतं, ९० ला मोजून बरोबर वाटलेली पातळी ४० ला कमी असते. कमी असेल तर पंप हवा ओढतो. जास्त असेल तर फिरते भाग तेल घुसळून फेस करतात. दोन्हींत तापमान वाढतं.

पॅनच्या चुंबकावर राखाडी चिखल थोडा असणारच. लोखंडी कण किंवा चमचमणारे तुकडे दिसले तर फोटो टाका. आणि तेल गुलाबी दुधासारखं दिसलं तर गाडी अजिबात चालवू नका: रेडिएटरच्या आतला कूलर फुटलाय, कूलंट क्लच प्लेटचं अस्तर सोडवतं.