चिनी पोराला 'टेक' कसं समजवायचं?

कृष्णाकाठ: सांगलीतनं ऑनलाइन इंग्लिश शिकवते, एक चिनी मुलगा सारखा 'ईट मेडिसिन' म्हणतो, मी टेक म्हटलं की म्हणतो बस पण टेक, फोटो पण टेक, मग नक्की अर्थ काय? काय सांगू?

हळदवाला: एक अर्थ नाहीच की ओ. चिनीत औषध 'खातात' आणि बसने जायला 'बसणे' हे क्रियापद, म्हणून गोंधळतोय. आपलं 'औषध घे' जुळतं नशिबानं, पण फोटो आपण काढतो, अंघोळ करतो. जोड्याच पाठ करून घ्या, टेक अ बस, टेक अ फोटो, असं.

अजिंक्यताऱ्याखाली: ब्रिंग-टेक पण चुकेल बघा. चिनीत दोन्हीला 'ताय', फक्त मागं 'लाय' म्हणजे ये लावलं की आण, 'छ्यू' म्हणजे जा लावलं की ने. हेच त्याला सांगा, लगेच कळतं. आणि वेळेचं टेक वेगळं घ्या, चिनीत पैसे खर्चणं आणि वेळ घालवणं दोन्हीला 'ह्वा', त्यामुळं स्पेंड, कॉस्ट, टेक सगळी खिचडी. 'इट टेक्स मी वन अवर', इथं इट पुढं हवं, माझी पोरंपण 'आय टेक वन अवर' लिहितात म्हणा 😄

कृष्णाकाठ: लाय-छ्यू भारीये, उद्याच वापरते