मदत हवी आहे : सुती गणवेशाला फॉर्मल्डिहाइडशिवाय सुरकुतीरोधक फिनिश

नमस्कार. सोलापुरात आमचं शालेय गणवेश शिवायचं छोटं युनिट आहे. पांढरं सुती शर्टिंग बाहेरच्या प्रोसेस हाऊसमधून फिनिश करून आणतो. इथल्या उन्हाळ्यात पोरांना पॉलिस्टर सोसत नाही, आणि आयांना रोज इस्त्री करायला वेळ नसतो. म्हणून सुतीच हवं, पण न चुरगळणारं.

मागच्या लॉटचे तागे उघडले आणि कटिंगच्या टेबलावर बायकांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. चौकशी केली तर फिनिश नेहमीच्या डीएमडीएचईयू रेझिनचं (सुरकुत्या रोखणारं रसायन). त्यातून फॉर्मल्डिहाइड हा डोळे चुरचुरवणारा वायू सुटतं. २००४ मध्ये आयएआरसीनं (जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था) ते कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्यांत, टाकलंय. अंगाला लागणाऱ्या कपड्यासाठी ओको-टेक्स या कापड-सुरक्षा प्रमाणपत्राची फॉर्मल्डिहाइडची मर्यादा किलोमागे ७५ मिलिग्रॅम आहे. आमचा लॉट अजून तपासलेला नाही, पण त्या बायकांना पुन्हा त्या टेबलावर बसवायला माझं मन धजत नाही.

पर्याय म्हणून सायट्रिक ॲसिड आणि सोडियम हायपोफॉस्फाइट (क्रिया घडवून आणणारा क्षार) घेऊन १७० अंशांवर क्युअरिंग, म्हणजे तापवून फिनिश पक्कं करून पाहिलं. सुरकुत्या कमी झाल्या, पण पांढरा रंग पिवळट झाला आणि कापड हातानं ओढलं तरी चरकन फाटलं. बीटीसीए हे त्याच जातीचं दुसरं आम्ल वापरलं तर कापड पिवळं पडत नाही म्हणतात, पण त्याचा दर गणवेशाच्या भावात बसत नाही.

साखरेपासूनच्या क्रॉसलिंकरबद्दल (कापसाच्या साखळ्या एकमेकींना बांधणारं, म्हणून सुरकुत्या रोखणारं रसायन) वाचलं. आपल्या जिल्ह्यात साखरेला तोटा नाही. कुणी वापरलंय का?

उत्तर : ताई, नुसती साखर चालणार नाही. सुक्रोजमध्ये, म्हणजे आपल्या साखरेत, सेल्युलोजला (कापसाच्या मूळ घटकाला) धरणारे अल्डिहाइड नावाचे अणुगट मोकळे नसतात. ते पेरआयोडेटनं ऑक्सिडाइज करून तयार करावे लागतात. पेरआयोडेट महाग, त्यात मागे उरणारा आयोडेटचा क्षार धुऊन काढायचा. गणवेशाच्या भावात मला ते जमेल असं वाटत नाही.

त्यापेक्षा सायट्रिकमध्येच सॉर्बिटॉल घालून पाहा. तेही ग्लुकोजपासूनच बनतं, आणि पिवळेपणा कमी होतो. क्युअरिंग थोडं खाली आणा, शेवटी पॉलिथिलीन सॉफ्टनर द्या. आम्ल आणि उष्णता मिळून सेल्युलोजची साखळी तोडतात, शिवाय क्रॉसलिंकमुळे धागे सरकत नाहीत, म्हणून कापड फाटतं. सॉफ्टनरनं धागे सरकतात.

आणि तो जुना लॉट कापण्याआधी धुऊन घ्या. मोकळं फॉर्मल्डिहाइड बरंचसं निघून जाईल.

ताई : धुवायला आजच देते. सॉर्बिटॉल किती टक्के घालायचं, तेवढं सांगा.