'ही गोळी माझी नाही' म्हणणारा पेशंट
औषध देताना योग्य पेशंट, औषध, डोस, मार्ग आणि वेळ हे पाच 'राइट' पाळले की औषधाची चूक होत नाही, असं आम्हा नर्सेसना सांगितलं जातं. ते पाळायलाच हवेत. पण या पाचांत पेशंटचं बोलणं कुठेच येत नाही, आणि मानसिक आजाराच्या कलंकाचा फटका नेमका तिथेच बसतो. "सिस्टर, ही गोळी माझी नाही, माझी पांढरी असते," असं सर्जरीच्या वॉर्डात कुणी म्हटलं की आपण लगेच चार्ट उघडतो. तेच मानसिक आजाराचं लेबल लागलेला माणूस म्हणाला की 'औषध नाकारतोय' अशी नोंद पडते. चूक पकडायची शेवटची संधी अशी हातची जाते, याचा मला फार राग येतो. अमेरिकन नर्स आणि शुश्रूषा-सिद्धांतकार हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनी १९५२ मध्येच नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं शुश्रूषेच्या केंद्रस्थानी ठेवलं होतं. आपण ते परीक्षेपुरतं पाठ करतो.

बायपोलरसारख्या मानसिक आजारात देतात त्या लिथियमचंच बघा. रक्तातल्या त्याच्या उपयोगी आणि विषारी पातळीत अंतर फार थोडं असतं, १.५ मिलिमोल प्रतिलिटरच्या पुढे धोका वाढतो. जुलाब-उलट्यांनी अंगातलं पाणी कमी झालं किंवा दुखण्यासाठी आयबुप्रोफेन सुरू केलं, तरी पातळी चढते. मग हात जोरात थरथरतात, तोल जातो, जीभ अडखळते, आणि 'हा असाच करतो' म्हणून ते सोडून दिलं जातं. तिथे पुढचा डोस न देता थांबायचं, डॉक्टरांना कळवायचं आणि लिथियमची पातळी तपासायला रक्त पाठवायचं.