मदत हवी आहे : मुंबईत दोन रात्री, दादरला उतरावं की फोर्टात?

नमस्कार मंडळी. आम्ही खानापूरचे. दिवाळीच्या सुट्टीत आई, आम्ही दोघं आणि दोन पोरं मुंबई बघायला जाणार. आईला सिद्धिविनायक, पोरांना गेटवे आणि घारापुरीची लाँच. सोमवारी लेणी बंद, म्हणून घारापुरी रविवारी ठेवलीय. गर्दी असेल, असू दे.

अडलंय ते हॉटेलवर. दादरला राहिलं तर मंदिर जवळ, जेवण आपल्या चवीचं. पण गेटवेला जायचं तर लोकल, आणि आईचे गुडघे स्टेशनचा पूल चढू देत नाहीत. फोर्ट-कुलाब्यात राहिलं तर टॅक्सीनं भागतं, पण भाडं बघून डोळे फिरतात बघा.

फोटोंवर माझा काडीचा विश्वास नाही. मागे एका लॉजवर लिफ्ट होती, पण ती पहिल्या मजल्यापासून! म्हणून फोनवर आधी तेच विचारतो.

रात्रीची बस सकाळी सहालाच सोडते आणि चेक-इन बाराला. तोवर सामान ठेवून आंघोळ करू देणारं, पाच जणांना एकच खोली देणारं हॉटेल कुणी स्वतः राहून बघितलंय काय? भाड्यासकट सांगा की.