अनुभव धागा : आधी कुठलं ऐकलंत, मूळ इलेक्ट्रिक गाणं की त्याची साध्या गिटारवरची (अकूस्टिक) आवृत्ती?

धागाकर्ता, मंगळवार पेठ

१९९३ चा पावसाळा, कोल्हापूर. रूमवरच्या मित्राने मुंबईहून इंग्लिश गिटारवाला-गायक एरिक क्लॅप्टनच्या 'अनप्लग्ड'ची, म्हणजे इलेक्ट्रिक गिटार बाजूला ठेवून केलेल्या मैफिलीची कॅसेट आणली. रंकाळ्यावर चक्कर मारून आलो की रात्री तीच लागायची. त्यातली 'लैला' म्हणजे माझ्यासाठी खांदे पाडून सावकाश चालणारं गाणं. शब्द अर्धेच कळायचे, पण माणूस दमलाय हे कळायचं.

चार-पाच वर्षांनी एकाने १९७० ची मूळ 'लैला' ऐकवली. मी चक्क म्हणालो, "कुणी वाट लावली रे या गाण्याची?" गिटारी किंचाळतायत, गाणारा ओरडतोय, ड्युएन ऑलमनची स्लाइड (तारेवर नळी सरकवत वाजवलेली गिटार) डोक्यावरून जातेय आणि शेवटची जवळजवळ चार मिनिटं भलताच पियानो. आता हिशेब लागतो. मूळ गाताना क्लॅप्टन पंचवीसचा होता, जॉर्ज हॅरिसनच्या, म्हणजे मित्राच्याच बायकोसाठी तडफडत होता. १९९२ च्या जानेवारीत स्टुलावर बसला तेव्हा शेहेचाळीसचा. पण तेव्हा मला मूळ तेच नकली वाटलं, आणि खरं सांगायचं तर अजून थोडं वाटतं.

तुमचं सांगा. गाणं कुठलंही चालेल. 'दोन्ही आपापल्या जागी छान' एवढंच लिहायचं असेल तर नुसतं वाचत राहा.

शिरोली एमआयडीसी, फाउंड्री

भावा, सरळ सांगतो. दिवसभर भट्टीपाशी उभा असतोय. घरी येताना गाडीत झेपेलिन नाहीतर डीप पर्पल, दणकट रॉक बँड. ते स्टुलावर बसून टुंगटुंग वाजवत्यात त्याचा लई कटाळा येतो. तांबडा मागवला आणि वरण आणून दिलं, असं वाटतंय.

ताराबाई पार्क, गिटार शिकवतो

या कटाळ्याचं निम्मं कारण तारांत आहे. इलेक्ट्रिकवर नऊ नाहीतर दहाचा सेट असतो, अकूस्टिकवर बहुतेक बाराचा; आकडा मोठा तितकी तार जाड. त्यातही खरा घोळ तिसऱ्या तारेचा. इलेक्ट्रिकवर ती सडी असते, अकूस्टिकवर गुंडाळलेली. इलेक्ट्रिकवर ती ओढून पूर्ण एक स्वर चढवणं म्हणजे काही नाही. अकूस्टिकवर पोरं ओठ चावतात, बोटाच्या टोकावर तारेचा लाल चर पडतो आणि सूर मध्येच कुठेतरी बेसूर लटकतो. शिवाय टिकत नाही. अॅम्प (आवाज वाढवणारं खोकं) गरजत असला की एक सूर चार मात्रा उभा राहतो, लाकडावर दुसऱ्या मात्रेलाच विझायला लागतो.

म्हणून ज्याला अक्कल आहे तो इलेक्ट्रिकचा सोलो तसाच उचलून अकूस्टिकवर ठेवत नाही. क्लॅप्टनने 'लैला'ची लय खाली आणली, झुलती केली, ओरडायच्या जागी खालच्या सुरात गायला आणि तो पियानोचा शेवट टाकूनच दिला. त्याची चाल इतकी बदलली की सुरुवातीला तोच लोकांना 'ओळखा बघू' अशा अर्थाचं काहीतरी म्हणतो. जुना सदरा उसवून त्याच कापडाचं दुसरंच काहीतरी शिवलंय.

आमच्याकडे उलटं. दर जूनमध्ये एक तरी पोरगा येतो, त्याला ईगल्स बँडच्या 'हॉटेल कॅलिफोर्निया'चा शेवटचा सोलो पाहिजे. तोही साडेतीन हजारांच्या गिटारवर, जिच्या तारा नेकपासून, म्हणजे दांडीपासून, पेरभर वर. पावसाळ्यात ती नेक आणखी वाकते. मी म्हणतो, बाबा, आधी कॉर्ड (एकदम वाजवायचे दोन-तीन सूर) तर स्वच्छ वाजू देत.

देवल क्लबात गाणं ऐकत वाढलेली, सध्या पुण्यात

मी रॉकवाली नाही, मुलामुळे कानावर पडलं. तो अकरावीत असताना तानपुऱ्याची जवारी करून घ्यायला, म्हणजे तारेचा झणकार जुळवून घ्यायला, मिरजेला गेलो होतो. कारागीर घोडी (तारा जिच्यावरून जातात ती पट्टी) घासायचा, तार छेडायचा, मान हलवायचा, परत घासायचा. मग तारेखाली सूत घातलं आणि बोटाने केसभर पुढे सरकवलं. एका जागी आवाज एकदम उघडला. तोपर्यंत मोबाईलमध्ये डोकं घातलेला मुलगा दचकून म्हणाला, "आई, हे तर डिस्टॉर्शन आहे!" म्हणजे इलेक्ट्रिक गिटारची ती खरखरीत गुरगुर.

कारागीर नुसते हसले. पण पोराचं फार चुकलं नव्हतं. दोन्हीकडे एका सुरावर वरच्या सुरांची झालर चढते, फक्त इथे ती घोडी चढवते आणि तिथे अॅम्प. तेव्हापासून अकूस्टिक आवृत्ती ऐकली की वाटतं, गाण्याची जवारी काढून घेतली. बरीच गाणी त्यात उघडी पडतात, खाली काही नव्हतंच हे कळतं. निर्वाणा या रॉक बँडने १९९३ मध्ये न्यूयॉर्कला 'अनप्लग्ड' कार्यक्रमात डेव्हिड बोवीचं १९७० चं गाणं गायलं ते मात्र जवारीशिवायही उभं राहतं.

आणि 'मूळ कुठलं' हा प्रश्नच मला जरा परका वाटतो. एकच बंदिश चारजण चार तऱ्हेने मांडतात, मूळचा दाखला कुणी मागत नाही. मांडता आली नाही तर मात्र आमच्याकडे कुणी सोडतही नाही.

राजारामपुरी, चुका काढणारा

ताई, निर्वाणाचा गायक कोबेन, त्याच्या गिटारचा प्लग काढलेला नव्हताच! त्याने हट्टाने अॅम्प ठेवला होता, मॉनिटरच्या (स्टेजवरच्या स्पीकरच्या) खोक्याच्या आड लपवून. नेमक्या त्या बोवीच्या गाण्यात गिटारची गुरगुर स्वच्छ ऐकू येते. म्हणजे जवारी शिल्लक होती.

आणि धागाकर्त्याला एक उलटं उदाहरण : सायमन-गारफंकलचं 'साउंड ऑफ सायलेन्स' १९६४ मध्ये आलं ते निव्वळ अकूस्टिक. रेकॉर्ड पडली. पुढच्या वर्षी निर्माता टॉम विल्सनने त्या दोघांना न विचारताच त्यावर इलेक्ट्रिक गिटार, बास, ड्रम चढवले आणि १९६६ च्या जानेवारीत ते अमेरिकेत एक नंबरला गेलं. यात मूळ कुठलं धरायचं ते ठरवा.

कुंभार गल्ली, शाहूपुरी

ऑगस्ट २०१९, महापूर. अॅम्प आणि माझी इलेक्ट्रिक तळमजल्यावर होती, ती गेली. वर भावाची अकूस्टिक. लाइट नाही, मोबाईल मेलेले, खाली अंधारात पाण्याचा चुबुक चुबुक आवाज. तिसऱ्या रात्री गच्चीवर स्कॉर्पियन्स या जर्मन रॉक बँडचं 'स्टिल लव्हिंग यू' काढलं. बँडमध्ये दोन वर्षं वाजवलेलं गाणं. आणि मध्येच कळलं की त्यातली एक कॉर्ड मी दोन वर्षं चुकीची वाजवत होतो. ड्रम आणि अॅम्पच्या आवाजाखाली कुणालाच पत्ता लागला नव्हता, मलाही नाही. समोरच्या गच्चीवरून एक काका ओरडले, "परत म्हण रं!" त्यांना कॉर्डशी काय करायचं होतं? पण मी परत वाजवताना तिथंच अडखळलो.

नंतर स्कॉर्पियन्सचं २००१ चं लिस्बनमधलं अकूस्टिक रेकॉर्डिंग शोधून ऐकलं, ती कॉर्ड नीट बघायला. अॅम्प उघडला तेव्हा स्पीकरच्या कोनात ओंजळभर गाळ निघाला.

कॅफेत वाजवतो, गाव सांगत नाही

आपल्याकडे 'अनप्लग्ड' म्हणजे एक गिटार, एक कहोन (बसून वाजवायचं लाकडी खोकं), डोळे मिटलेले आणि सगळं निम्म्या लयीत. मालकाला वाटतं निम्म्या लयीत म्हणजे निम्म्या पैशात. मूळ गाणं रागावलेलं असलं तरी आमच्याकडे ते झोपलेलंच पाहिजे. गुरुवारी मूळच्या लयीत एक वाजवलं, तर टेबलवरून चिठ्ठी आली : जरा हळू, बाळ झोपलंय.

धागाकर्ता

चुका काढणाऱ्यांना नमस्कार. फाउंड्रीवाल्या भावा, एक काम कर. ईगल्सची १९९४ ची अकूस्टिक 'हॉटेल कॅलिफोर्निया' गाडीत लाव. चौदा वर्षांनी एकत्र आले तेव्हाची. मग बोल.

शिरोली एमआयडीसी, फाउंड्री

लावली. आधी ते स्पॅनिश टुंगटुंग चालू झालं, म्हटलं फसवलं यानं. तावडे हॉटेलपाशी सिग्नलला होतो. मग तो ढोल का काँगो काय ते पडला आणि डिकीतला सबवूफर असा धडकला की मागच्या रिक्षावाल्यानं खाली उतरून बघितलं. शेवटचा सोलो साध्या गिटारवर हाय, मान्य, जाळ नाही. पण त्या ढोलासाठी घरापाशी जाऊन गाडी बंद न करता परत सुरुवातीपासून लावली. बायको गेटवर उभी राहून हातवारे करत होती.