मदत हवी आहे: कपडे धुण्याचा प्रयोग उलटा आला, परवा प्रकल्प द्यायचाय

ऋतूची_आई: मुलीचा आठवीचा विज्ञान प्रकल्प आहे, फास्ट फॅशनचा (म्हणजे सतत नवे कपडे घ्यायचे, थोडेच दिवस घालून टाकायचे) पर्यावरणावर परिणाम. सुती आणि पॉलिएस्टर कापड धुऊन पाणी गाळलं. पॉलिएस्टरमधून जास्त तंतू यायला हवे होते ना? आले सुतीतून! तक्ते रंगवून झालेत. काय चुकलं, लवकर सांगा.

शिवणटिपण: कापड नवं की जुनं? तुकडे कसे कापले? गाळलं कशातून? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

निळासमुद्र: चूक प्रयोगातच आहे. प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यात ॲक्रिलिकमधून सात लाखांवर आणि पॉलिएस्टरमधून जवळपास पाच लाख तंतू निघाले होते. पुन्हा करा.

गाळणकागद: निळासमुद्र, त्यातलं तिसरं कापड पॉलिएस्टर-सुती मिश्र होतं. निव्वळ सुती तपासलंच नव्हतं. सुतीचे तंतू आखूड असतात, पीळ सैल झाला की गळतात. सुतीतून जास्त येणं अगदी शक्य आहे.

निळासमुद्र: मग मुलांनी काय सांगायचं, सुती वाईट?

गाळणकागद: किती गळतात हा एक प्रश्न, गळल्यावर त्यांचं काय होतं हा दुसरा. कापूस म्हणजे सेल्युलोज, तो जिवाणू आणि बुरशी खातात. पॉलिएस्टर म्हणजे पाण्याच्या बाटलीचंच प्लास्टिक. तो तंतू वर्षानुवर्षं तसाच राहतो.

जुन्याचं_नवं: प्रयोग सोडा, जुन्या कपड्यांच्या पिशव्या शिवा. माझ्या मुलाने केल्या होत्या, परीक्षकांनी हातात घेऊन पाहिल्या.

भूगोलवेडा: त्यापेक्षा मध्य आशियातला अरल समुद्र घ्या. १९६० च्या दशकापासून कापसाच्या शेतीसाठी अमू दर्या आणि सिर दर्या या नद्यांचं पाणी वळवलं आणि अख्खा समुद्र आटत गेला. जुना-नवा नकाशा शेजारी लावला की काम झालं.

शिवणटिपण: त्यांनी विषय विचारलेला नाही. ताई, कापडाचं सांगा.

ऋतूची_आई: सुती म्हणजे जुनी उशीची खोळ. पॉलिएस्टर म्हणजे टॉप, दोनदाच घातलेला, न धुतलेला. कात्रीने चौकोन कापले, बरणीत साबणाच्या पाण्यात हलवले, कॉफीच्या गाळणकागदातून गाळलं. वजनात फरक दिसेना, म्हणून नजरेनेच ठरवलं. सुतीच्या कागदावर साय धरल्यासारखा पांढरा थर आहे, नखाने ओढला की त्याची वात वळते. पॉलिएस्टरच्या कागदावर काळे, चमकणारे, पापणीच्या केसाहून बारीक असे थोडेच धागे.

शिवणटिपण: सापडलं! कात्रीने कापलेली कड. खोळीचं सूत कडेनेच उसवलंय. दोन्ही तुकड्यांच्या चारी कडा दुमडून शिवा. आणि जुनी खोळ विरुद्ध नवा टॉप ही तुलनाच होत नाही. सुतीही नवं घ्या, गडद रंगाचं, पांढऱ्या कागदावर पांढरे तंतू मोजता येणार नाहीत.

घरकाम: गडद कपडे गार पाण्यात, उलटे करून धुवावेत. रंग टिकतो.

गाळणकागद: वजन विसरा, कागद हवेतला दमटपणा धरतो. कागदावर पेन्सिलीने एक सेंटिमीटरचे चौकोन आखा आणि भिंगातून पाच चौकोनांतले तंतू मोजा. एकदा नुसतं पाणीही बरणीत हलवून गाळा. घरातली धूळ किती येते ते कळेल, तेवढे वजा करा.

आणि फास्ट फॅशनचा सांधा इथे जुळतो: नवं कापड पहिल्या काही धुण्यांत सर्वांत जास्त तंतू सोडतं, पुढे गळती कमी होते. चारदा घालून टाकलं, नवं आणलं, की पुन्हा ती पहिलीच धुणी. एकच तुकडा पाचदा धुवा, दर वेळी नवा कागद. एका दिवसात होतं.

निळासमुद्र: हे पटलं. मिश्र कापडाचं माझ्या लक्षातून निसटलं होतं. पण ताई, आधीचा निकाल फाडून टाकू नका, वहीत राहू द्या.

ऋतूची_आई: लेकीने रात्रीच कडा शिवल्या. टॉपच्या तुकड्याचं तिसरं धुणं झालं. दुसऱ्या कागदावर पहिल्यापेक्षा तंतू खरंच कमी आहेत, तिने मला हाक मारून दाखवले! एकच अडलंय, आखलेल्या रेषेवर पडलेला तंतू कुठल्या चौकोनात धरायचा?

गाळणकागद: डावी आणि वरची रेष धरा, उजवी आणि खालची सोडा. सगळ्या कागदांना हाच नियम, आणि तो वहीत लिहा.