बालुले: वीज नसलेल्या कॅम्पवरचा मुक्काम – अनुभव धागा

दक्षिण आफ्रिकेत गाडी घेऊन फिरणारे आपले लोक क्रुगर राष्ट्रीय उद्यानात स्कुकुझा, सातारा, ओलिफंट्स असे मोठे कॅम्प घेतात आणि बालुले राहून जातं. सहा गोल झोपड्या, प्रत्येकीत तीन खाटा, शेजारी तंबू-कॅराव्हॅनसाठी पंधरा जागा, आणि सामाईक न्हाणीघरं. वीज नाही, दुकान नाही, पेट्रोल नाही. वर्णभेदाच्या काळात गोरे नसलेल्या पर्यटकांसाठी उद्यानात राखून ठेवलेला कॅम्प हाच. तिथल्या भारतीय वंशाच्या कुटुंबांनाही इथेच उतरावं लागे. त्यासाठीही तो बघावा. मुक्काम केलेल्यांनी नुसतं 'छान आहे' लिहू नका. काय न्यावं, किती न्यावं आणि काय बिघडतं ते लिहा.

* * *

सगळ्यात आधी वेळेचं गणित. बालुलेची नोंदणी बालुलेला होत नाही, ओलिफंट्सच्या स्वागतकक्षात होते आणि तिथून कॅम्प 11 किमी मागे. मे ते जुलै, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, कॅम्पचं फाटक संध्याकाळी 5:30 ला बंद होतं, नोव्हेंबर ते जानेवारीत 6:30 ला. कच्च्या रस्त्यावर वेगमर्यादा ताशी 40, डांबरीवर 50. म्हणजे हे 11 किमी कुठेही न थांबता सतरा मिनिटांचे. पण वाटेत हत्तींचा कळप आडवा आला की अर्धा तास हलता येत नाही, आणि उशीर झाला तर दंड. हिवाळ्यात 4 नंतर ओलिफंट्सला पोचायचा बेत आखूच नका. प्राणी बघत जाताना तासाला 20-25 किमीच धरा.

जोराचा पाऊस झाला असेल तर नोंदणीच्या वेळीच विचारा की ओलिफंट्स नदीवरचा बालुलेचा बुटका पूल उघडा आहे का. कॅम्प दक्षिण काठावर आणि ओलिफंट्स उत्तर काठावर आहे. तो पूल पाण्याखाली गेला की डांबरी रस्त्यावरच्या उंच पुलावरून मोठा वळसा पडतो.

* * *

सामान साताऱ्यात भरा. (नाव आपल्या साताऱ्यावरून नाही. सर्वेक्षणात 17 नंबर पडलेल्या शेताला सर्वेक्षकाच्या भारतीय मदतनिसाने 'सत्रह' म्हटलं, त्यावरून पडलं असं सांगतात.) इथे पेट्रोल आणि दुकान दोन्ही आहे. टाकी इथेच पूर्ण भरून घ्या.

झोपडीत अंथरूण-पांघरूण मिळतं. भांडी, ताटं, चमचे मिळत नाहीत. वीज नसली तरी सामाईक फ्रीझर आहे, पण तो सगळ्यांचा. दुधापुरताही त्यावर विसंबू नका. आदल्या रात्री वीज असलेल्या कॅम्पवर 2 लिटरच्या तीन बाटल्या गोठवून घ्या आणि कूलबॉक्सच्या तळाशी आडव्या ठेवा. सुट्या बर्फाचं पाणी होऊन पनीर-भाजी भिजते. बाटलीचं पाणी दुसऱ्या दिवशी प्यायला होतं. दिवसा पाणी दुसऱ्या डब्यातून काढा, कूलबॉक्स दिवसातून दोनदाच उघडायचा.

* * *

वरच्यात भर: स्वयंपाकाचा गॅस. विमानात नेता येत नाही, म्हणून तो म्बोम्बेला, हूडस्प्रेट किंवा फालाबोर्वा या उद्यानाबाहेरच्या गावांत विकत घ्यावा लागतो. इथे हमखास चूक होते. डबे दोन तऱ्हेचे असतात. एक 190 ग्रॅमचा, भोक पाडून बसवायचा. तो संपेपर्यंत शेगडीवरून काढता येत नाही, काढलात तर सगळा गॅस निघून जातो. दुसरा आटे आणि झडप असलेला, कधीही काढता येतो. आधी शेगडी बघा, मग डबा घ्या. दुकानातच एकदा जोडून बघा.

चौघांना मुगाची खिचडी: दीड वाटी तांदूळ, पाऊण वाटी डाळ, 3 लिटरचा कुकर, मोठ्या आचेवर तीन शिट्ट्या. डाळ-तांदूळ दुपारी गाडीतच डब्यात भिजत घातले तर दोन शिट्ट्या पुरतात आणि गॅस वाचतो. वाऱ्याला आडोसा हवाच. दाराशी शेगडी मांडली की ज्योत एका बाजूला कलते आणि कुकरला दुप्पट वेळ लागतो. शेगडी आत मात्र नेऊ नका, झोपडीला खिडकी नाही.

* * *

ब्रायसाठी म्हणजे निखाऱ्यावर भाजण्यासाठी लाकूड आधीच मोठ्या कॅम्पच्या दुकानातून पिशवीने घ्या, उद्यानात गोळा करायला बंदी आहे. जाळावर भाजायचं नसतं, निखाऱ्यावर भाजायचं. कठीण लाकडाचे निखारे पडायला पाऊण तास लागतो. 5:30 ला फाटक, लगेच अंधार; म्हणून पोचल्या पोचल्या आधी चूल पेटवा, मग सामान उतरवा. जाळीच्या चार बोटं वर हात धरा. चार-पाच सेकंदांत काढावासा वाटला तर कणीस, वांगी, बटाट्याला आच बरोबर. दोनच सेकंद धरवला तर बाहेरून करपेल आणि आत कच्चं राहील.

* * *

कंदिलाबद्दल. झोपड्यांत पॅराफिनचे म्हणजे रॉकेलचे दिवे असतात. काच काजळली की लोक वात वर करतात, त्याने काजळी आणखी वाढते. करायचं उलट: दिवा विझवा, काच पूर्ण गार होऊ द्या, कोरड्या कागदाने पुसा. वातीची जळकी कड कात्रीने सरळ कापा, दोन्ही कोपरे किंचित तिरके. मग वात जेमतेम दिसेल इतकीच वर ठेवून लावा, आणि काच तापल्यावर दोन मिनिटांनी हळूच वाढवा. तापलेल्या काचेला ओला हात लागला तर ती तडकते. झोपताना दिवा विझवायचाच, हवा छपराखालच्या फटींतूनच काय ती येते. न्हाणीघरापर्यंत डोक्याला बांधायचा टॉर्च माणशी एक हवा.

उन्हाळ्यात झोपडी फार तापते आणि पंखा नाही. लहान मुलं बरोबर असतील तर जून-जुलैच बरे.

* * *

तरसांबद्दल कळकळीने लिहितेय. भाजल्याचा वास सुटला की ठिपकेदार तरस कुंपणाच्या बाहेरून येरझाऱ्या घालतं, अगदी दोन हातांवर. दृश्य विलक्षण असतं. पण हाड फेकू नका, पोळीचा तुकडासुद्धा नाही. एकदा खाऊ मिळालं की ते रोज तिथेच येतं, माणसाची भीती सोडतं आणि शेवटी धोकादायक ठरवून मारलं जातं. ताटं खरकटी ठेवू नका. कचऱ्याचा डबा खटक्यासकट बंद करा, चांदी अस्वल (हनी बॅजर) साधं झाकण सहज उघडतं. दिवसा माकडं केळी दिसली की गाडीच्या उघड्या काचेतूनही नेतात.

सकाळी बूट झटकून घाला, विंचू असतात. हा मलेरियाचा पट्टा आहे. गोळ्या निघण्याआधीच सुरू कराव्या लागतात, म्हणून भारतातच डॉक्टरांना विचारा.

* * *

चार्जिंग कसं करायचं? आणि आपले प्लग चालतात का?

* * *

बालुलेला फक्त गाडीतून. 20,000 एमएएचची पॉवर बँक भरून न्या, फोन तीनेक वेळा होतो. बंद गाडीवर रात्रभर फ्रीज चालवलात तर सकाळी बॅटरी उतरलेली असते. बाकी कॅम्पवर: तिथलं मोठं गोल तीन पिनांचं सॉकेट म्हणजे आपलं गिझरचंच सॉकेट. घरून तोच प्लग असलेला एक्स्टेन्शन बोर्ड नेला की वेगळा ॲडॉप्टर लागत नाही.

* * *

पुढे कालाहारी वाळवंटातल्या नोसोब कॅम्पला जाणार असाल तर गणित बदलतं. प्रवेशद्वारावरच्या ट्वी रिव्हिरेन कॅम्पपासून नोसोब सुमारे 160 किमी, वाळू आणि रस्त्यावर पडलेल्या खडबडीत लाटा. टायरची हवा 1.6 बारपर्यंत उतरवा. टायर पसरतो, वाळूत रुतत नाही आणि धक्केही कमी बसतात. डांबरीवर येताच परत भरायची, नाहीतर टायर तापून फाटतो, म्हणून छोटा कॉम्प्रेसर गाडीत हवाच. नळाचं पाणी मचूळ आहे. पिण्याचं माणशी दिवसाला 4 लिटर न्या. जुलैत रात्री पारा शून्याखाली जातो. चपला तंबूबाहेर ठेवू नका, कोल्हे उचलून नेतात.